सायलेन्सरच्या पोटातली जाळी

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि त्यावर लिहितात. माझी जाऊबाई एकदाच तिरुपतीला गेली, ते अजून सांगते. मी येरवड्याहून लोणी काळभोरला, तिथून नाना पेठेत आणि शेवटी दिवे घाटाच्या माथ्यावर जाऊन आले. नकाशावर बोट ठेवलं तर हा सगळा प्रवास बोटाखाली झाकला जाईल. पण त्याला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी जेवढं बोलले तेवढं वर्षभरात बोलत नाही.

ज्या बायका कधी गॅरेजात गेल्या नाहीत त्यांच्यासाठी हे उतरवून ठेवते. वही ट्रंकेतच राहणार आहे. पण समोर कोणी बसलंय असं धरलं की लिहायला बरं पडतं.

आधी गाडीविषयी. आमची पांढरी व्हॅन आहे, पेट्रोलवर चालणारी, जुनी घेतलेली. ह्यांनी ती स्वतःसाठी घेतली होती, पण कारखान्यात पाठीला मार बसला आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. सहा महिने ती दारात धूळ खात उभी होती. मग मी लायसन काढलं. आता तीन वर्षं झाली, आमच्या वस्तीतल्या सहा बायकांना घेऊन मी रोज लोणी काळभोरच्या एका रोपवाटिकेत जाते. आम्ही सातजणी तिथं पिशव्यांत माती भरतो, कलमं बांधतो आणि संध्याकाळी परत येतो. मालकांना सगळे आठच्या आत हवे असतात. बस बदलत गेलं तर नऊ वाजतात. म्हणजे गाडी आहे तोवर सातजणींचं काम आहे, असा हिशेब सोपा होता.

गुरुवार, मुंढव्याचा पूल

गेले काही आठवडे गाडी मरगळली होती. सपाटीला ठीक, चढ आला की दम तोडायची. सकाळी चालू करताना माझ्या सीटखालून खडखड यायची, पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून हलवावेत तशी. मधूनच नासक्या अंड्याचा वास. शकूमावशी मागे बसते, सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत तिखट. ती रोज म्हणायची, "कोणी अंडी आणली असतील तर उकडून आणत जा गं, अशी ठेवू नका."

गुरुवारी मुंढव्याच्या पुलावर गाडीने हातच टेकले. दुसरा गिअर, पाय तळाला टेकलेला, आणि काटा वीसच्या वर जाईना. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेजारून जाताना त्याने डोकं बाहेर काढलं. "ताई, ढकलायला उतरू का?"

"तू पुढं हो, तुझा टेम्पो बंद पडला की आम्हीच ढकलू," शकूमावशी म्हणाली.

माझं लक्ष आवाजाकडे होतं. एक गोष्ट मला खटकली. आमच्या वस्तीत एकाच्या रिक्षाचा क्लच गेला होता, तेव्हा ती नुसती ओरडायची आणि पुढे सरकायची नाही. आमची गाडी तर ओरडायलाच तयार नव्हती. उशी तोंडावर दाबल्यासारखा तिचा आवाज आतल्या आत राहत होता.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, सायलेन्सरवर लोखंडी सळई मारली, आणि माझ्याशी न बोलता ह्यांना फोन लावला. "साहेब, जाळी चोक झालीय. बाकीचं उद्या बोलू."

मी घरी पोचले तर हे दारातच बादली घेऊन उभे. त्यांनी गाडीच्या तोंडावरची काळी जाळी स्क्रू काढून उतरवली. जुना टूथब्रश, कपड्याचा साबण, कोमट पाणी. पाठ दुखत असूनही पाटावर बसून एकेक फट घासली. तीन वर्षांचे किडे निघाले, एक वाळकं फुलपाखरू निघालं.

"बघ," हे म्हणाले, "एवढी घाण असल्यावर बिचारी श्वास कुठून घेणार?"

मलाही ते पटलं. गाडी नवरीसारखी दिसत होती.

शुक्रवार, येरवडा ते लोणी काळभोर

सकाळी बायकांनी नेहमीप्रमाणे धक्का मारून गाडी चालू केली. आमची बॅटरी म्हातारी झाली होती, त्यामुळे हा आमचा रोजचा कार्यक्रम. शकूमावशी "हां, एक" म्हणते, सगळ्या जोर लावतात, मी क्लच सोडते, गाडी उचकी देऊन चालू होते. वस्तीतल्या गड्यांना जमत नाही इतक्या कमी धक्क्यांत आम्ही चालू करतो, याचा आम्हाला अभिमान होता.

कोपऱ्यावर गॅरेजवाल्याने हात केला. गाडीचं चकचकीत तोंड बघून आधी त्याला कळेना. मग कळलं, आणि तो फळीवर बसून हसला.

"वहिनी, ही जाळी नव्हे. आतली जाळी. सायलेन्सरच्या पोटात असते ती. धूर गाळून साफ करते." मग तो गंभीर झाला. "पण खरं सांगू का, इंजिनच बसलंय. उतरवावं लागेल. एवढ्या जुन्या गाडीला कोण एवढं करतं? भंगारात द्या. तोवर चार दिवस चालावी म्हणून जाळी काढून रिकामा डबा जोडून देतो. तुमच्याकडून काही घेणार नाही, फुकट."

त्याने तिथूनच ह्यांना फोन लावून हे सांगितलं. ह्यांच्या ओळखीचा एक भंगारवाला होता. फोन माझ्या हाती येईपर्यंत रविवारी चार वाजता तो गाडी न्यायला येणार असंही ठरून गेलं होतं. हे म्हणाले, "अगं, फुटलेलं भांडं आपण ठेवतो का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तूही आता घरी बस, दमतेस, असंच त्यांना वाटत होतं. मला मात्र घरी बसलेले आधीचे दिवस आठवले. खिडकीतून कारागृहाची भिंत दिसायची, आणि दुपारी मी त्या भिंतीवरची कबुतरं मोजायचे.

मी गॅरेजवाल्याला म्हटलं, "संध्याकाळी येते," आणि निघाले. वाटेत एकच शब्द डोक्यात घोळत होता. फुकट. मी वर्ध्याकडची. आमच्याकडे पाहुण्याला न विचारता चहा पुढे येतो. पुण्यात वीस वर्षं झाली, इथं पत्ता विचारला तरी माणूस आधी आपण कुठल्या ते विचारतो. इथं कोणी गाडीखाली झोपून दोन तास काम करून फुकट म्हणत असेल, तर त्या पोटात नक्की काय आहे?

सोलापूर रस्त्याने तीसच्या वेगाने आम्ही लोणीला पोचलो. उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकत होते. रोपवाटिकेच्या मालकांनी आमची गत पाहिली आणि म्हणाले, "बाबूकाकांना दाखवा. माझ्या ट्रॅक्टरला तेच हात लावतात."

बाबूकाकांचं गॅरेज म्हणजे चिंचेखाली पत्र्याचं छप्पर. माणूस सत्तरीचा, डोक्याला टोपी, कानाला पेन्सिल. दुपारच्या सुट्टीत मी आणि शकूमावशी गाडी घेऊन गेलो. त्यांनी मला विचारलं, "काय हुतंय?" आणि उत्तराची वाट पाहत उभे राहिले. गॅरेजात मला कोणी काही विचारतं आणि वाट पाहतं, हे पहिल्यांदाच घडलं. मी खडखड सांगितली, वास सांगितला, चढ सांगितला. मग धीर करून म्हटलं, "क्लच गेला तर गाडी ओरडते ना? ही ओरडत नाही. मला वाटतं धूर बाहेर जात नाहीये. चुलीचं धुराडं तुंबलं की लाकडं कितीही घाला, जाळ धरत नाही, तसं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पोरी, तुला कुणी सांगितलं हे?"

"कोणी नाही."

"मग बरूबर आसंल. चल बघू."

त्यांनी गाडी चालू ठेवायला लावली आणि मला मागे नेलं. "सायलेन्सरच्या तोंडापुढं हात धर. चिकटवू नगो, भाजंल." हाताला जेमतेम फुंकर लागत होती. मग शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीमागे हात धरायला लावला. तिथं धक् धक् धक् असा दमदार श्वास. मग गाडी बंद करून गाडीखालच्या डब्यावर त्यांनी रबरी हातोडीने टिचकी मारली. खडखड. "जाळी फुटलीय आतली. चिनीमातीची असती ती, मधमाशीच्या पोळ्यावानी. भोकंच भोकं."

मग त्यांनी केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. गाडी पुन्हा चालू करून तापू दिली. चिंधी पाण्यात बुडवून एक थेंब डब्याच्या पुढच्या टोकाला सोडला. चर्रकन आवाज, थेंब उडाला. एक थेंब मागच्या टोकाला सोडला. तो नुसता ओघळला.

"धडधाकट जाळी आसंल तर मागलं टोक जास्त तापतं. आत धुराला पुन्हा जाळती ना ती. हिचं उलटं हाय. म्हंजे आत काम बंद, रस्ता बी बंद."

"पण इंजिन बसलंय म्हणतात," शकूमावशी म्हणाली.

"कोण म्हंतंय?" बाबूकाकांनी गाडी बंद केली, निवू दिली, आणि डब्याच्या पुढे नळीत खुपसलेला बोटाएवढा एक भाग पान्याने फिरवून काढला. वायरीला लोंबणारा सेन्सर होता तो. त्या जागी भोक उरलं. "आता बस आत, आन् दे पाय."

मी पाय दिला. गाडी डरकाळली. चिंचेवरचे पक्षी उडाले, रस्त्यापलीकडून माणसं बघायला लागली. कित्येक आठवड्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. पाय दिला की चढत होता, काढला की उतरत होता, मध्ये कुठंच अडत नव्हता.

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हंत्यात," बाबूकाका ओरडून म्हणाले, "हिला तोंडच नव्हतं. मी उघडून दिलं. इंजिन ठणठणीत हाय."

मी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगला धरून बसून राहिले. हसू येत होतं, ते दाबत होते. शकूमावशीने काही न दाबता टाळी वाजवली.

पण त्यांनी मला फार वेळ आनंदात राहू दिलं नाही. मी विचारलं, "काका, अशी जाळी किती दिवस टिकते?"

"चालवणाऱ्यावर हाय. नीट ठेवली तर गाडीबरोबर म्हातारी हुती. धा वर्सं, दीड लाख किलोमीटर, त्याच्या फुडं बी. तुझी किती चालली?"

काट्यावर पंच्याऐंशी हजार होते.

"मंग ही मेली न्हाई. हिला कुणीतरी मारलीय." त्यांनी दांडी काढून ऑइल पाहिलं. ऑइल जागेवर होतं. "ऑइल पीत न्हाई. धूर निळा न्हाई." मग प्लग काढले. तीन कोरडे, विटकरी रंगाचे. चौथा काळाकुट्ट आणि ओला, पेट्रोलचा भपकारा येणारा. "ह्यो एक. ह्यो पेटतच न्हाई. ह्याच्या वाटचं कच्चं पेट्रोल जातंय सरळ जाळीत, आन् तिथं जाऊन पेटतंय. जाळी वितळती." मग टोपी मागे सरकवून त्यांनी विचारलं, "सकाळी गाडी कशी चालू करता?"

मी आणि शकूमावशीने एकमेकींकडे पाहिलं.

"धक्का मारून," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज. तीन धक्क्यांत," शकूमावशी म्हणाली. तिच्या आवाजात अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

"तिन्ही येळेला कच्चं पेट्रोल आत. वरनं ह्यो आसला प्लग. सातजणींनी मिळून मारलीय तुम्ही तिला."

पिकअप गेलं, वास आला, खडखड झाली, तेव्हा आम्ही आणखी जोर लावून ढकलत होतो. एवढं प्रेमाने कोणी कोणाचा गळा आवळला नसेल.

आमच्या डब्यांतून ठेचा आणि जवारीची भाकर निघाली. काकांच्या घरून बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याची पातळ भाजी आली. आमच्याकडे हिवाळ्यातही जवारीच. बाजरी मी पुण्याला आल्यावर पहिल्यांदा खाल्ली, तेव्हा घशात अडकली होती. त्या दिवशी दोन खाल्ल्या. काकांनी ठेचा चाखून पाणी मागितलं. "ही बाई गाडी काय, इमान पेटवंल ह्याच्यावर."

निघताना त्यांनी डबा खोलून माझ्या हातात दिला. "नाना पेठंत जा. ह्याच मापाचा नवा आण. प्लग आन् बॅटरी मी बघतो. पर ह्यो जुना कुणाच्या हातात देऊ नगो. आतला एक तुकडा बी सांडू नगो."

"का?"

"तिथं कळंल."

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "रविवार चारपर्यंत गाडी माझी आहे ना?" हे म्हणाले, "आहे." मी बाकी काही सांगितलं नाही. आम्ही सगळ्या दोन बस बदलून घरी आलो होतो, त्यामुळे ह्यांनाही विचारायला काही उरलं नव्हतं. गाडी कुठं आहे एवढंच विचारलं. "दवाखान्यात," मी म्हटलं.

शनिवार, नाना पेठ

रोपांच्या जाड पिशवीत डबा घालून मी एकटी बसने निघाले. बसने गचका दिला की पिशवी खडखडायची. शेजारच्या आजींनी विचारलं, "स्टोव्ह का?" मी हो म्हटलं. सायलेन्सरच्या पोटाबद्दल कुठून सुरू करणार? उतरताना पाहिलं तर गंजाचा तांबडा गोल साडीवर उमटला होता, तोही नेमका पुढे.

ज्यांनी नाना पेठ पाहिली नाही त्यांना सांगते. तिथं गाड्या सुट्या सुट्या राहतात. एका गल्लीत नुसत्या काचा, एकीत नुसती सीट कव्हरं, एकीत आरसे, इतके की आपणच आपल्याला चाळीस वेळा भेटतो. दाराच्या कड्या, टायर, हॉर्न. एक माणूस हॉर्न तपासत बसला होता आणि त्याच्याकडे कोणीही वळून बघत नव्हतं.

मला चार जणांना विचारून एक दुकान मिळालं. गल्ल्यावर पांढऱ्या सदऱ्यातले साठीचे गृहस्थ. मागे पाटी: "माहिती फुकट आहे. म्हणून कमी मिळेल." समोर पाचसहा पुरुष. प्रत्येक नवा येणारा माझ्या खांद्यावरून हात पुढे करून आपलं काम करून घेत होता. मी बाजूला होत गेले, होत होत खांबाला टेकले. अर्धा तास गेला असेल.

शेवटी दुकानदारांनीच चष्म्यावरून पाहिलं. "बाई, आपण रांगेत आहात की सावलीत?"

सगळे वळले. घरी जावं असं वाटलं, आणि त्याच वेळी आठवलं की उद्या रविवार आहे.

"रांगेत," मी म्हटलं. "जाळी हवी होती."

"खिडकीची जाळी पलीकडच्या गल्लीत."

मी पिशवीतून डबा काढून काचेवर ठेवला. काचेचा आवाज झाला. "खिडकीची नाही. ही."

त्यांनी डबा उचलला, कानाशी हलवला, उजेडाकडे धरून आत पाहिलं. मग समोरच्या गर्दीला हाताने बाजूला केलं आणि मला स्टूल दिलं. पुण्यात दुकानदार स्टूल देतो तेव्हा काहीतरी घडलेलं असतं, एवढं मला वीस वर्षांत कळलं आहे.

"ही अख्खी तुमच्याकडे राहिली कशी? गॅरेजवाल्याने मागितली नाही?"

"मागितली. फुकट काढून देतो म्हणाला."

"देणारच. काढून घेणार, आणि वर आपण त्याचे आभार मानणार." त्यांनी डब्याच्या तोंडाशी बोट नेलं. "या भोकांना आतून मुलामा असतो. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम. सोनाराच्या दुकानात मिळणार नाही असा माल आपण सायलेन्सरमधून रस्त्यावर फिरवत असतो. फुटली तरी तिची किंमत राहते. जुनी माझ्याकडे द्या, नवीच्या किमतीत वळती करतो. गाडीचे कागद आणलेत?"

कागद मी आणले होते. त्यांनी त्यावर साल पाहिलं आणि आतून दोन खोकी मागवली. दोन्हींतून सारखेच दिसणारे दोन नवे कोरे डबे काचेवर ठेवले.

"कुठला देऊ?"

"यात फरक काय?"

"फरक आपणच सांगा. अर्धा तास उभ्या होतात, तेवढा वेळ आता माझा घ्या."

मी एक हातात घेतला, मग दुसरा. दुसरा हलका होता. बाबूकाका म्हणाले होते, मधमाशीचं पोळं. मी पहिला डबा दाराच्या उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. भोकं इतकी बारीक, की पुरणाच्या यंत्राची सगळ्यांत बारीक चकती आठवावी. सगळीकडून सारखा उजेड येत होता. दुसऱ्यात भोकं मोठी आणि मोजकी, चाळणीसारखी. धूर गाळायचा तर बारीक चाळण हवी, एवढं स्वयंपाकघरात कळतंच.

"हा," मी पहिला पुढे केला. "त्या चाळणीतून रवा पण गळून जाईल."

शेजारी उभ्या एका माणसाच्या हातात तसलंच खोकं होतं. त्याने हळूच ते उघडून उजेडाकडे धरलं. दुकानदार त्याला म्हणाले, "आपण काल नेली. आज बघताय."

मग त्यांनी मला कागदावर लिहून दिलं, मराठीत, ठळक अक्षरांत, कारण मी तसं मागितलं. धक्का मारू नये. प्लग वेळेवर बदलावे. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर त्याला दिवाळीचा समजू नये. तापलेली गाडी साचलेल्या पाण्यात घालू नये, जाळी तडकते. खाली "एवढं केलंत तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका" असंही लिहिलं. पुण्यात याला आशीर्वाद म्हणतात.

बाहेर येऊन पोहे खाल्ले. वर खोबरं, कोथिंबीर, आणि चिमूटभर साखर घातलेली. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओततात, नाकातून पाणी आल्याशिवाय नाश्ता झाला असं वाटत नाही. मी मालकाला म्हटलं, "जरा तिखट द्या." त्याने मिरची दिली. मला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. काल परवापर्यंत मी गोड पोहे तसेच खाऊन उठले असते.

रविवार, लोणी काळभोर ते दिवे घाट

सकाळी मी शकूमावशीला घेऊन लोणीला गेले. बाबूकाकांनी नवा डबा आरपार बघितला आणि नुसती मान हलवली. डबा बसला, नवे प्लग बसले, प्लगची एक वायर तडकलेली होती ती बदलली, बॅटरी नवी आली. सेन्सर जागेवर गेला.

"चावी फिरव."

मी फिरवली. गाडी चालू झाली. शकूमावशी सवयीने मागे जाऊन वाकली होती, ती तशीच कंबरेत वाकून राहिली. "झाली पण?"

अर्धा तास गाडी चालवून, तापवून आणली. काकांनी चिंधी आणली आणि माझ्या हातात दिली. "तूच बघ." मी वाकले. पुढच्या टोकाला थेंब चर्रला. मागच्या टोकाला टेकायच्या आतच उडाला. सायलेन्सरच्या तोंडापुढे हात धरला, तर तो श्वास. धक् धक् धक्. पिवळा दिवा विझलेला. वास नाही.

"सपाटीला समदी घोडी पळत्यात," काका म्हणाले. "दिवे घाट चढवून ये. मग मी हिला बरी झाली म्हनीन."

मी आजवर घाटात गाडी घातली नव्हती. शकूमावशी पुढच्या सीटवर येऊन बसली, पदर कमरेला खोचला, जशी काही चालवणार तीच आहे. वडकीवरून आम्ही घाटाच्या पायथ्याला लागलो. पुढे उसाने भरलेला ट्रक, मागे एसटी. पहिल्या वळणावर गिअर उतरवायला हात गेला, पण गाडीने मागितलाच नाही. पाय थोडा दिला, आवाज चढला, आणि ती तिसऱ्यात वर निघाली. दुसऱ्या वळणावर ट्रक कडेला झाला. मी हॉर्न दिला आणि त्याच्या शेजारून पुढे गेले. एका ट्रकला मागे टाकलं. घाटात.

"हळू गं," शकूमावशी म्हणाली, आणि लगेच, "नाही, जा."

मध्ये एका वळणावर मेंढ्या आडव्या आल्या. थांबावं लागलं, आणि पाय चुकून क्लचवरून सुटला. गाडी बंद. चढावर, मागे एसटी. शकूमावशीने दार उघडून एक पाय खाली टाकला.

"कुठं चाललात?"

"धक्का नको?"

"बसा आत."

मी हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. पहिल्यात घेतली. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला हात उचलला असेल, तोवर आम्ही निघालो होतो.

माथ्यावर गाडी कडेला घेतली. खाली मस्तानी तलाव उन्हात पडलेला, त्याच्या पलीकडे हडपसरच्या इमारती, आणि त्यांच्याही पलीकडे धुरकट पट्ट्यात आमचं सगळं शहर. त्या धुरात आजपासून आमच्या गाडीचा वाटा कमी, असंही मनात आलं. एक बाई टोपलीत अंजीर घेऊन बसली होती. आम्ही घेतले, न धुता खाल्ले. शकूमावशी म्हणाली, "उद्यापासून मी सकाळी करायचं काय? हात शिवशिवतील." मग तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

चार वाजायला आले होते. मी ह्यांना फोन लावला.

"मी वर पोचले."

"अगं, असं बोलतात का? वर म्हणजे कुठं?"

"दिवे घाटाच्या वर. गाडी घेऊन. तिसऱ्या गिअरात."

"दिवे घाट?" मग आवाज खाली आला. "ते आलेत न्यायला. चहा घेताहेत. त्यांना काय सांगू?"

तीन वर्षांत, किंवा त्याच्याही आधीपासून, ह्यांनी मला असं विचारलेलं आठवत नाही.

"चहा पुरा होऊ द्या," मी म्हटलं. "मग नाही म्हणा."

ह्यांनी फोन तसाच हातात धरला असावा, कारण मला सगळं ऐकू येत होतं. कपबशी ठेवल्याचा आवाज. हे म्हणाले, "गाडी इथं नाही. बायको घाटावर घेऊन गेलीय."

"भंगार घाट कसं चढेल हो?" तो माणूस हसत होता.

"आमच्याकडचं चढतं," हे म्हणाले.